वळवाचं वादळ: आपल्या भागात तुम्ही काय पाहिलंत?

शिवारवाट (बेळगाव तालुका, पश्चिम भाग)

समुद्रात चक्रीवादळ तयार झालं की चार दिवस आधीपासून टीव्हीवर नकाशे दाखवतात. आपल्याकडं घरावरचे पत्रे उडतात ते मात्र वळवात. सगळा खेळ अर्ध्या तासाचा. दुसऱ्या दिवशी पेपरात तालुक्याच्या पानावर चार ओळी येतात आणि विषय संपतो. कुणाच्या गोठ्याचं काय झालं, वारं कुठल्या बाजूनं आलं, किती वेळ टिकलं, हे कुठंच लिहून राहत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सगळे म्हणतात, असलं वादळ कधी बघितलं नव्हतं. म्हणून हा धागा काढतोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, संकेश्वर, शिवाय सीमेपलीकडचे चंदगड-गडहिंग्लजवाले, सगळ्यांनी लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. आमचं गाव चंदगडच्या हद्दीला लागून आहे. गेल्या वैशाखात दिवसभर उकाडा मरणाचा होता, पान हलत नव्हतं. साडेचारच्या सुमाराला पूर्वेकडं आभाळ काळं-जांभळं झालं. आई म्हणाली, "आभाळ भरून येऊलालंय, वाळत घातलेलं आत घे." मिरच्या आत घेईपर्यंत गार वाऱ्याचा झोत आला, आणि मग धूळ एवढी की समोरचं घर दिसेना. पाऊस त्याच्या मागून, तोही आडवा. शेजाऱ्यांच्या जनावरांच्या शेडचे पत्रे लाकडी वाशांसकट निघाले आणि ओढ्यापलीकडच्या आंब्यात जाऊन अडकले. गावातल्या दोन गल्ल्यांत नुकसान, तिसऱ्या गल्लीत परसातली केळसुद्धा वाकलेली नाही.

गावात सगळे म्हणतात भोवरा उतरला होता. परदेशातल्या व्हिडिओत दिसतं तसलं टॉर्नॅडो आपल्याकडं होतं का? माहीतगारांनी सांगावं.

---

तंबाखूची वखार (निपाणी)

आमच्याकडं वळवापेक्षा वावटळीची भीती जास्त धरावी असं माझं मत हाय. फेब्रुवारी-मार्चात उसाचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं फुटणारं पुढचं पीक) राखायचा म्हणून लोक पाचट, म्हंजे उसाचा वाळका पाला, पेटवत्यात. दुपारी बारा-एकची वेळ, ऊन कडक, वर ढगाचा टिपूस न्हाई, आणि मध्येच रानातनं वावटळ उठती. पेटतं पाचट उचलून ती शेजारच्या उभ्या उसात टाकती. आमच्या भावकीत असा ऊस जळाल्याला मी डोळ्यानं बघितलाय. वावटळ दोन मिन्टांत विरली, पण आग विझवायला रात्र झाली. पाचट पेटवूच नये, कुजवावं, हे बरोबरच. तरी ज्यांना पेटवायचंच हाय त्यांनी निदान भर दुपारी काडी लावू नये. सकाळी लवकर, दव असताना, चारी बाजूंनी पट्टा मोकळा करून आणि पाण्याची मोटर चालू ठेवून.

गारांचं म्हणाल तर टोमॅटो आणि ढबू मिरची लावणाऱ्याला विचारा. लिंबाएवढी गार पडली की प्लास्टिकचं आच्छादनसुद्धा चाळणी हुतं.

---

ढगांचा माग (मूळ बेळगाव, सध्या पुणे; हवामानशास्त्र शिकतोय)

शिवारवाटदादा, तुमच्या वर्णनावरून मला टॉर्नॅडो वाटत नाही. वर निपाणीच्या काकांनी वावटळ सांगितली आणि तुम्ही भोवरा म्हणालात, त्यामुळं वावटळ, टॉर्नॅडो आणि ढगातून कोसळणारा अधोझोत, या तिन्ही गोष्टी नीट सुट्या करून सांगतो.

वावटळ जमिनीतून उठते. माळ तापतो, त्याला टेकलेली हवा जोरात वर जाते आणि फिरायला लागते. वर ढग लागत नाही, उलट निरभ्र दुपारीच ती जास्त दिसते. काही मिनिटांत संपते. माणसाला सहसा इजा करत नाही, पण सुटा पत्रा, मांडव आणि काकांनी लिहिलं तशी आग उचलू शकते.

टॉर्नॅडो ढगातून खाली येतो. जोराच्या टॉर्नॅडोसाठी बहुधा गडगडाटी ढग स्वतःच आतून फिरता असावा लागतो. तसं व्हायला जमिनीजवळचं वारं आणि पाच-सहा किलोमीटर उंचीवरचं वारं यांच्या दिशेत आणि वेगात मोठा फरक लागतो. भारतीय उपखंडात हे प्रामुख्यानं बंगाल, ओडिशा आणि बांगलादेशात जुळून येतं, तेही मार्च ते मे या काळात. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशातल्या दौलतपूर-सातुरिया भागात झालेल्या टॉर्नॅडोत सुमारे १३०० माणसं गेली. जगात नोंदलेल्या टॉर्नॅडोंमध्ये सर्वांत जास्त बळी घेणारा तोच धरतात. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात ऊन असतं, बाष्प असतं, पण वाऱ्यातला हा फरक सहसा तेवढा नसतो. अशक्य नाही, पण क्वचित.

मग तुमच्या गावात काय झालं? बहुतेक अधोझोत. एप्रिल-मेमध्ये अंतर्भागातल्या तापलेल्या कोरड्या हवेची अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्याकडून आलेल्या दमट हवेशी गाठ पडते, आणि दुपारनंतर ढग बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत चढतात. त्या ढगातून पाऊस आणि गारा खाली यायला लागल्या की वाटेतल्या कोरड्या हवेत त्यातलं बरंच पाणी वाफ होतं, गारा वितळतात आणि ती हवा एकदम थंड होऊन जड होते. जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि घागर उपडी केल्यावर पाणी पसरावं तशी सगळीकडं पसरते. तुम्हाला पावसाआधी जो गार झोत लागला तो हाच. अशा झोताचा पट्टा कधी कधी एक-दोन किलोमीटरचाच असतो. म्हणून दोन गल्ल्या सापडतात आणि तिसरी सुटते. वेग मात्र ताशी शंभर किलोमीटरच्या पुढंही जातो.

एक सोपी खूण आहे. झाडं आणि पत्रे सगळे साधारण एकाच दिशेला, किंवा एका जागेपासून बाहेरच्या बाजूला पडलेत का? तसं असेल तर अधोझोत. अरुंद पट्ट्यात एक झाड उत्तरेला, दुसरं दक्षिणेला, फांद्या पिळवटलेल्या आणि पडझड पट्ट्याच्या आतल्या बाजूला वळलेली, असं असेल तर भोवऱ्याचा संशय घ्यायला जागा आहे.

गारांबद्दल एक राहिलं. उन्हाळ्यात पाणी गोठण्याची पातळी आपल्यावर साडेचार-पाच किलोमीटर उंचीवर असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. म्हणजे गोव्यापेक्षा आपल्याकडं गार जमिनीवर पोचेपर्यंत वितळायला वाट कमी मिळते.

---

शिवारवाट

सविस्तर लिहिल्याबद्दल खरंच आभार. पत्रे सगळे पश्चिमेला गेले होते. शिवारातली पडलेली शेवग्याची झाडं आणि एक जुनी बाभळ, त्यांचेही शेंडे पश्चिमेलाच. म्हणजे तुम्ही म्हणता तेच.

---

खांबावरचा माणूस (बेळगाव, लाइनमन म्हणून निवृत्त)

हयात खांबावर गेली, म्हणून लिहितो. वळीव झाल्यावर पहिली दोन तास माणसं वाऱ्यानं मरत नाहीत, ती पडलेल्या तारेनं मरतात. लाईट गेलेली असते, म्हणून माणूस समजतो तार मेलेली आहे. मुख्य पुरवठा पुन्हा चालू करून बघितला जातो, त्या क्षणी तीच तार जिवंत होते. शिवाय एखाद्या घरात जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल तर उलट्या बाजूनंही वीज येते. तार कुठंही पडलेली दिसली की निदान दहा मीटर लांब राहायचं, पोरांना आणि जनावरांना त्या बाजूला सोडायचं नाही, आणि ऑफिसला फोन करून खांबाचा नंबर सांगायचा. प्रत्येक खांबावर नंबर लिहिलेला असतो. आत्ताच जाऊन आपल्या घराजवळच्या खांबाचा नंबर वहीत लिहून ठेवा. अंधारात "देवळाजवळचा खांब" म्हणून सांगितलं तर माणूस चार देवळं फिरतो.

ओल्या जमिनीवर तार पडली असेल आणि तुम्ही तिच्याजवळच सापडला असाल तर ढांगा टाकून पळू नका. दोन पायांतल्या अंतरामुळं अंगातून प्रवाह जातो. पाय जवळ घेऊन, जमिनीला घासत घासत, इंच इंच मागं सरकायचं.

शहरात कॅम्पात आणि टिळकवाडीत जुनी मोठी झाडं आहेत. ती तोडा असं माझं म्हणणं नाही, त्यांच्यामुळंच बेळगावची हवा बेळगावची आहे. पण मार्चमध्ये वाळक्या फांद्या उतरवल्या तर मे महिन्यात निम्मा त्रास वाचतो. आणि बुंध्याभोवती काँक्रीट ओतलं की मुळं गुदमरतात. पहिल्या जोराच्या वाऱ्याला ते झाड मुळासकट येतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

---

भट्टीवाल्याची लेक (खानापूर)

सगळे पत्रे आणि झाडं लिहितायत. आमच्याकडं वळीव म्हणजे कच्च्या विटांचा चिखल. खानापूर तालुक्यात वीटभट्ट्या किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. माती कालवून विटा पाडायच्या, उन्हात वाळवायच्या, मग भट्टी रचून पेटवायची. वाळायला ठेवलेल्या विटांवर अर्धा तास पाऊस पडला की त्या पुन्हा माती होतात. कामगार कुटुंबं लांबून आलेली असतात. हजार विटांमागं मजुरी ठरलेली. वाहून गेलेल्या विटांची मजुरी कुणी द्यायची यावर दरवर्षी भांडणं होतात. माझ्या वडिलांचा नियम होता, वीट पाडली की मजुराचं काम झालं, पाऊस मालकाचा. सगळीकडं असं नसतं आणि ते मला फार टोचतं. शेतकऱ्याचं पीक गेलं तर निदान अर्ज तरी करता येतो. विटा पाडणाऱ्या बाईनं कुठं जायचं?

प्लास्टिकची ताडपत्री हा उपाय आहे, पण वाऱ्यात ती धरायला चार माणसं लागतात आणि धरणारा माणूसच वीज पडायच्या वेळी मोकळ्या माळावर उभा असतो.

२०२१ च्या मे मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हाचा अनुभव अगदी वेगळा होता. ते वादळ समुद्रातून गोव्याच्या बाजूनं वर सरकत गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातला धडकलं, पण त्याआधीच्या शनिवारी-रविवारी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला सारखं झोडपत होतं. वळवासारखा कडकडाट नाही. एकसारखं वारं आणि पाऊस, न थांबता. काजूची झाडं पडली, फणसाच्या फांद्या मोडल्या. पण इशारा आधी मिळाला होता, विटा झाकून ठेवता आल्या. वळीव तेवढी सवड देत नाही.

---

बेदाणा (अथणी)

आमचं दुखणं थोडक्यात. द्राक्षं उतरवून बेदाणा करायला शेडवर टाकली की साधारण पंधरा दिवस वाळायला लागतात. शेडला वर कागद असतो, बाजू उघड्या, कारण वारं खेळायला पाहिजे. मार्च-एप्रिलात आडवा पाऊस आला की कडेचे थर भिजतात, माल काळा पडतो आणि दर उतरतो. बाजूला सोडायचे पडदे आता बरेच जण लावतात. पण दिवसभर बांधून ठेवले तर माल वाळत नाही, म्हणून आभाळावर लक्ष ठेवणारा माणूस शेडवर लागतोच.

---

व्यवस्थापन मंडळ

२०१९ आणि २०२१ च्या महापुरावर लिहिलेले काही प्रतिसाद त्या धाग्यावर हलवले आहेत. गोकाक, रामदुर्ग, यमगर्णी, कल्लोळ-यडूर हे विषय तिकडं सविस्तर आले आहेत. इथं वादळ, वीज आणि गारा एवढंच ठेवूया.

---

शाळेतल्या बाई (हुक्केरी तालुका; निवृत्त)

विजेबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील मेंढरं घेऊन माळावर होते. पाऊस आला म्हणून झाडाखाली थांबले आणि तिथंच गेले. त्यांच्यासोबत आणखी एक जण होता, तो श्वास घेत नव्हता. जमलेली माणसं त्याला हात लावायला तयार होईनात, कारण त्याच्या अंगात वीज आहे असं सगळ्यांना वाटत होतं. तो गैरसमज आजही गावोगाव आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास आणि नाडी बंद असेल तर छातीवर दाब देणं त्याच मिनिटाला सुरू करायला हवं. विजेनं थांबलेलं हृदय अशा वेळी पुन्हा चालू होण्याची खरोखर शक्यता असते. शेणात पुरणं, मातीत झोपवणं, हे प्रकार कृपा करून बंद करा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत दाब देत राहा.

देशात दरवर्षी विजेनं अडीच हजारांच्या आसपास माणसं जातात आणि त्यातली बहुतेक शेतात काम करणारी असतात. मुलांना मी एक हिशोब शिकवायचे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुमच्यावरही पडू शकते. तेव्हा पक्क्या घरात जा, नाहीतर बंद गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पत्र्याच्या उघड्या शेडला, झाडाला किंवा मोटरच्या पेटीला आसरा समजू नका. अगदी माळावर सापडलात तर आडवं झोपू नका, पाय जुळवून उकिडवं बसा आणि एकमेकांपासून लांब राहा.

भांगलणीला गेलेल्या बायका घोळक्यानं एका झाडाखाली उभ्या राहतात. मुकादमानं काम थांबवलं नाही तर त्या निघत नाहीत, कारण अर्धा रोज कापला जातो. म्हणून हे सगळं मालकांनी वाचायला हवं.

---

तंबाखूची वखार

बाईंनी लिहिलंय ते मी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकलं.

एक विचारायचं हुतं. आम्ही टीव्ही लावतो तो कोल्हापूरच्या बातम्यांचा. त्यात कोल्हापूर, सांगलीला इशारा असतो. निपाणीचं नाव त्यात कधीच येत न्हाई. कन्नड बातम्या घरातल्या म्हाताऱ्यांना कळत न्हाईत. मग आम्ही कोल्हापूरचा इशारा आपला म्हणून धरायचा का?

---

ढगांचा माग

काका, हा प्रश्न आपल्या सगळ्या भागाचा आहे. हवामान खात्याच्या विभागणीत कोल्हापूर येतं मध्य महाराष्ट्रात आणि बेळगाव जिल्हा येतो उत्तर अंतर्गत कर्नाटकात. पहिल्याचा अंदाज मुंबईतून निघतो, दुसऱ्याचा बेंगळुरूतून. ढग मात्र कागलहून निपाणीला येताना राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर थांबत नाही. दोन्ही बघावेत. कोल्हापूरला केशरी इशारा असेल आणि बेळगावला त्याहून सौम्य पिवळा, तरी निपाणी-चिकोडीवाल्यांनी केशरीच धरावा. चुकलं तर थोडं काम राहील एवढंच.

दिवसाच्या अंदाजापेक्षा वळवासाठी कामाचा असतो तो तीन तासांचा तातडीचा इशारा. तो जिल्हावार निघतो आणि हवामान खात्याच्या संकेतस्थळावर दिसतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' आणि कर्नाटकच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचं 'सिडिलु', ही दोन्ही ॲप फोनवर ठेवा. त्या केंद्राची 'वरुणमित्र' म्हणून चोवीस तासांची फोनसेवाही आहे.

गोव्यात पणजीला डॉप्लर रडार (ढग-पाऊस लांबून टिपणारं यंत्र) आहे आणि त्याचं चित्र कुणालाही बघता येतं. बेळगाव आणि खानापूर त्याच्या पल्ल्यात येतात. सह्याद्री मध्ये असल्यानं ढगाचा खालचा भाग नीट दिसत नाही, पण वळवाचे ढग उंच असतात, त्यामुळं ते कळतात. लाल ठिपका, म्हणजे जोराच्या पावसाचा ढग, कुठून कुठं सरकतोय ते दोन-तीन चित्रांत लक्षात येतं.

माझी स्वतःची तळमळ वेगळी आहे. कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवलेत, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यातून येणारी सूचना सीमाभागातल्या घराघरांत समजेल अशी मराठीतही निघायला हवी. वीज पडणार असल्याचा निरोप माणसाला त्याच्या घरात बोलतात त्या बोलीत मिळावा, यात राजकारण कुठलं?

---

शिवारवाट

शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा.

आता पंचनाम्याबद्दल, कारण व्यक्तिगत निरोपातून बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या शेजाऱ्यांची जमीन दोन्हीकडं आहे, अर्धी शिनोळीच्या बाजूला महाराष्ट्रात आणि अर्धी इकडं. एकाच वादळात नुकसान, पण तिकडं सातबारा आणि मराठी अर्ज, इकडं उतारा आणि कन्नड अर्ज. एका बाजूचा पंचनामा चटकन झाला, दुसऱ्या बाजूला माणूस येईपर्यंत पडलेलं सगळं उचलून झालं होतं आणि दाखवायला काही उरलं नव्हतं. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते असं. पडझड हलवायच्या आधी फोटो काढायचे, त्यात घराचा किंवा सर्व्हे नंबरचा दगड दिसला पाहिजे. फोनमधली तारीख आणि ठिकाण चालू ठेवायचं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायचीच. कन्नड येत नसेल तर लिहून देणाऱ्याकडून वाचून, समजून घेऊन मगच सही करायची.

इकडं कर्नाटकात पीकविमा उतरवला असेल तर गारपीट, शेतात पाणी साचणं, अशा स्थानिक नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. शनिवार-रविवार आला म्हणून थांबू नका. मुदत निघून गेल्यावर कुणी ऐकत नाही.

---

भट्टीवाल्याची लेक

लाइनमन काकांना एक विचारते. आमच्या कामगारांच्या खोल्यांवर पत्रे आहेत. उडू नयेत म्हणून वर दगड आणि वाळूची पोती ठेवली आहेत. बरोबर आहे का?

---

खांबावरचा माणूस

नाही ताई. ते दगड आजच उतरवा. जोराच्या झोतात पत्रा दगडासकट उचलला जातो आणि दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो. वारं पत्र्याला वरून दाबत नाही. छपरावरनं जाताना ते त्याला वर ओढतं, आणि उघड्या दारातनं आत शिरलेलं वारं खालनं ढकलतं. म्हणून पत्रा खाली बांधलेला पाहिजे. वाशाला किंवा पाइपला वळसा घालून येणारे जे-हुक मिळतात, ते डांबरी वायसर घालून पत्र्याच्या उंचवट्यावर बसवायचे. खोलगटीत बसवले की गळतं. कडेच्या ओळीला हुक जवळजवळ लावा, कारण पत्रा कडेनंच उचलायला लागतो. भिंतीबाहेर आलेला पत्रा एक-दीड फुटापेक्षा जास्त ठेवू नका. वासे भिंतीला लोखंडी पट्टीनं धरलेले असावेत, नाहीतर हुक मजबूत असले तरी वाशांसकट सगळं निघतं, शिवारवाटांच्या शेजाऱ्यांचं झालं तसं. आणि वारं सुटलं की ज्या बाजूनं येतंय तिकडचं दार-खिडकी आधी लावा.

हुक सहा आणि आठ मिलिमीटरमध्ये मिळतात. आठचे घ्या. खोल्या किती आणि वासे लाकडी आहेत की लोखंडी ते कळवा, किती लागतील तो हिशोब करून देतो.